सोप्यावरची जर्मन शाळा

कोल्हापूरहून निघून आंबोलीचा घाट उतरला आणि सावंतवाडी, बांदा ही गावे मागे पडली की पत्रादेवीचा नाका लागतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्या जागांपैकी ही एक. येथून गोव्याचा पेडणे तालुका सुरू होतो. उत्तरेला तेरेखोल नदी, दक्षिणेला शापोरा, मध्ये काजूचे डोंगर आणि पश्चिमेला हरमल-मांद्र्याचा किनारा. हे माझे माहेर. लग्न होऊन मी कोल्हापूरला आले. त्याआधी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले होते, तेच पुढे जन्मभर शिकवत राहिले. पण माहेराचा आणि जर्मनचा कधी संबंध आला नव्हता. गेल्या मे महिन्यात तो आला, आणि चाळीस वर्षे शिकवून जे मला नीट उमगले नव्हते ते डझनभर मुलांनी पंधरा दिवसांत उमगवून दिले.

निमित्त झाले शेजारच्या घरातल्या सुनेचे. तिचा नवरा जर्मनीत श्टुटगार्टजवळ एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. आता पावसाळ्यानंतर हिने आणि आठ वर्षांच्या मुलीने तिकडे जायचे ठरले होते. एके दिवशी ती फणसाचे गरे घेऊन आली आणि आमच्या बोलीत म्हणाली, "मावशी, चेडवाला चार वाक्ये शिकवा. सकाळी काय म्हणायचे, आभार कसे मानायचे, तहान लागली तर काय मागायचे. एवढे आले तरी पुरे." मी हो म्हटले. जाता जाता उंबऱ्यावर थांबून ती पुढे म्हणाली, "एक मात्र करा. इंग्रजीतून शिकवा. घरची भाषा आम्ही तिच्याशी बंदच केली आहे. त्या बोलण्यामुळे शाळेत तिला हसतात."

मुलगी आईच्या मागे उभी होती. मी नाव विचारले तर तिने इंग्रजीत सांगितले, आणि मग गप्प झाली. तिची आजी जवळच पायरीवर बसली होती. आजीला इंग्रजी येत नाही, नातीने घरची भाषा बोलायची नाही; तेव्हा त्या एका छपराखाली राहणाऱ्या दोघी एकमेकींशी बोलत तरी काय असतील, हा प्रश्न माझ्या मनात त्याच वेळी येऊन गेला.

एक मुलगी यायची ती तिसऱ्या दिवशी बाराजणे झाली. सुट्टीचे दिवस, दुपारचे ऊन, आंबे पडण्याची वाट पाहण्यापलीकडे मुलांना उद्योग नाही. आमच्या घरापुढच्या सोप्यावर शाळा भरली.

पहिला दिवस फसला

पहिल्या दिवशी मी शिकवले ते सारे चुकले, हे आधीच कबूल करते. मी मुलांना ओळीत बसवले आणि 'गूटन मॉर्गन' म्हणायला लावले. बारा तोंडांनी एका सुरात 'गूटन मॉर्गन' झाले. मग 'डांकऽ', म्हणजे आभारी आहे. मग 'बिटऽ', म्हणजे कृपया. अर्ध्या तासात मुलांना दहा शब्द पाठ झाले आणि सोप्यावर पाढे म्हटल्यासारखा गजर सुरू झाला. आयांना फार समाधान वाटले. मला मात्र तो सूर ओळखीचा वाटला, आणि कुठला ते रात्री आठवले. तो माझ्या वडिलांचा सूर होता.

वडील पोर्तुगीज अमदानीत पेडण्यालाच शिकले. सकाळी घरच्या पंतोजींकडे मराठी आणि नंतर सरकारी शाळेत पोर्तुगीज, असा तेव्हाचा शिरस्ता. तिथल्या पहिल्या परीक्षेला 'प्रिमैरु ग्राव' आणि पुढच्या परीक्षेला 'सेगुंदु ग्राव' म्हणत. शिक्षक वर्गात आले की सगळ्यांनी उभे राहून 'बों दिय' म्हणायचे. पोर्तुगालच्या नद्या पाठ करायच्या : तेजु, दोरु, मोंदेगु. वडिलांना त्या म्हातारपणीही एका श्वासात म्हणता येत. पण शाळेच्या खिडकीतून दिसणाऱ्या शापोऱ्याचे नाव पुस्तकात कधी आले नाही, असे ते हसत सांगत. आणि त्याहून मौजेची गोष्ट अशी की, एवढ्या नद्या पाठ असून एका पोर्तुगीज शिपायाने एकदा वाटेत पाणी कुठे मिळेल असे विचारले, तेव्हा त्यांच्या तोंडून उत्तर निघेना. ते त्या शिपायाला हाताला धरून विहिरीवर घेऊन गेले.

भाषा पाठ झाली होती, पण ती जिभेच्या कामाची झाली नव्हती. माझ्या सोप्यावर त्या दिवशी हेच चालले होते. फरक एवढाच की तेजुच्या जागी 'गूटन मॉर्गन' होते.

सक्तीची भाषा आणि मागून घेतलेली भाषा

ह्या मुलखात परक्या भाषेचा विषय निघाला की जुनी जखम दुखते, म्हणून दोन शब्द इतिहासाचे सांगायला हवेत. २७ जून १६८४ रोजी गोव्याचा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर ह्याने हुकूम काढला की लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. पाद्र्यांना त्यासाठी सहा महिने दिले होते आणि बाकीच्यांना तीन वर्षे. तीन वर्षांत घरची भाषा विसरायची! तिसवाडी, बारदेश, साष्टी हे जुन्या काबिजादीचे महाल ह्या हुकमाखाली आले. पेडणे आणि डिचोली तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हतेच. सावंतवाडीकर भोसल्यांकडून ते अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत, डिचोली आधी आणि पेडणे १७८८ मध्ये, पोर्तुगीजांकडे गेले. तोपर्यंत सक्तीचा जोर ओसरला होता. म्हणून ह्या महालांत देवळे राहिली, कीर्तने राहिली, पंतोजींच्या मराठी शाळा राहिल्या आणि बोली तर राहिलीच.

पण एक दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. हुकमाने जी भाषा घरात शिरली नाही, तिचे शब्द मात्र पाहुण्यासारखे येऊन घरचेच होऊन गेले. पेडण्याची आजी खिडकीला जनेल म्हणते आणि चमच्याला कुलेर म्हणते. हे पोर्तुगीज शब्द आहेत असे तिला सांगितले तर ती रागावेल. आपण कोल्हापूरकर तरी काय वेगळे करतो? पाव, बटाटा, कोबी, चावी, पगार, मेज हे सगळे त्याच गलबतांतून उतरले. भाषा डोक्यावर लादली तर माणूस अंग चोरतो, आणि हाताने घेता आली तर घरच्या फडताळात नेऊन ठेवतो. मुलांचेही तसेच असते.

आजच्या मुलांवर हुकूम कोणा व्हाइसरॉयचा नाही. पण 'घरची भाषा बोलू नकोस, मागे पडशील' हे आईने सांगणे हाही एक हुकूमच आहे, आणि त्याला तीन वर्षांची मुदतही नाही. १६८४ चा हुकूम पेडण्याच्या वेशीबाहेर राहिला. हा दुसरा मात्र उंबरा ओलांडून आत आला आहे.

रेल्वे म्हणजे चूक

दुसऱ्या दिवशी मी ओळ मोडली. मुलांना गोल बसवले आणि विचारले, "रेल्वेला जर्मनमध्ये काय म्हणतात सांगू? चूक!" मुले हसून लोळली. पेडण्याला कोकण रेल्वेचे स्टेशन आहे, गाडी बोगद्यातून शिटी घालते ती गावात ऐकू येते. शिटी झाली की मुले ओरडू लागली, "चूक आली, चूक आली!"

हा विनोद नव्हे, उच्चार खरोखर तोच आहे. आपल्या भाषेत दोन च आहेत. चिमणीतला एक, चमच्यातला दुसरा. हा चमच्यातला दंत्य च हिंदी बोलणाऱ्याला जमत नाही आणि इंग्रजी शाळेत तर तो कोणी ओळखतही नाही. जर्मनमध्ये तो पावलोपावली लागतो. साखरेला जर्मन माणूस 'चुकर' म्हणतो, तोही ह्याच च ने. आणि शब्दाचे मूळ शोधत गेले तर आपली साखर आणि त्यांची चुकर दोन्ही संस्कृत शर्करेच्या लेकी निघतात. निरोप घेताना मुले 'च्यूस' म्हणतात, त्यातला च मात्र चिमणीतला. शहरातल्या वर्गात हे दोन च शिकवताना मी घाम गाळला आहे, कारण तेथे मी इंग्रजी अक्षरांच्या वाटेने जात होते. सोप्यावरच्या मुलांना ते सांगावे लागलेच नाहीत. तोंडात तयार होते.

जे तोंडात नव्हते त्याची युक्ती करावी लागली. जर्मनचा एक स्वर असा आहे की जिभेने 'ई' म्हणायचे आणि ओठांनी 'ऊ'. मी म्हटले, शिटी घालायला ओठ करा आणि तसेच ठेवून 'ई' म्हणा. पोरांना शिट्या घालण्याची परवानगी बाईंकडूनच मिळाली. पाच मिनिटांत स्वर आला.

मग आकडे. एक ते दहा मी फळ्यावर लिहिले नाहीत, आंब्याच्या कोयी मांडून म्हटले : आइन्स, च्वाय, द्राय, फीर, फ्युन्फ, झेक्स, झीबन, आख्ट, नॉइन, चेन. आठव्या कोयीवर एक मुलगा थांबला. म्हणाला, "बाई, आख्ट म्हणजे आमचे आठच की! आणि नॉइन म्हणजे नऊ!" १७८६ मध्ये विल्यम जोन्सने कलकत्त्याला संस्कृत, ग्रीक, लॅटिन ह्या भाषा बहिणी असाव्यात असे सांगितले आणि जर्मनही त्याच गोतातली असावी असे सुचवले. त्या पोराला हे ठाऊक नव्हते, त्याला आख्टमध्ये आठ ऐकू आला एवढेच.

पुढची मौज एकवीसला आली. इंग्रजीत आधी वीस आणि मग एक. पोर्तुगीजमध्येही तसेच. जर्मनमध्ये मात्र 'आइन-उंट-च्वान्चिश', म्हणजे एक-आणि-वीस. आपल्या एकविसासारखे! २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी मांडणी आली तेव्हा केवढा वाद माजला ते वाचकांना आठवत असेल. जर्मनीतही उलट्या आकड्यांनी मुलांचा गोंधळ होतो, म्हणून 'वीस-एक' म्हणावे असे सांगणारी मंडळी आहेत. कोण बरोबर ते गणिताचे शिक्षक ठरवोत. पण आमच्या गोतावळ्यात बसून ज्या मुलाला आईने कधी 'ट्वेंटीवन'च सांगितले, एकवीस सांगितलेच नाही, त्याला ही जवळची वाट बंद झालेली असते. त्या दिवशी बारांपैकी तिघांची ती बंद होती. शेजारची मुलगी त्यांपैकी एक.

ते चेडू

आणि तिनेच चौथ्या दिवशी तोंड उघडले.

जर्मनमध्ये नामाला तीन लिंगे आहेत. डेर, डी आणि डास, म्हणजे तो, ती आणि ते. हिंदीवाल्याला दोनच लिंगे सवयीची, इंग्रजीवाल्याला नामाचे लिंग लक्षातच ठेवावे लागत नाही. आपल्याला तिन्ही जन्मापासून येतात. मी मुलांना जेवणाच्या वस्तू दाखवत होते. चमचा 'डेर', काटा 'डी', सुरी 'डास'. मग म्हटले, मुलगा तो, पण मुलगी मात्र ते : 'डास मेडशन'. हे वाक्य शहरातल्या वर्गात म्हटले की दर वर्षी हशा पिकतो. मुलगी नपुंसकलिंगी कशी, असे विचारतात, आणि मग मला समजवावे लागते की शब्दाला लाडाचा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की जर्मनमध्ये तो नपुंसकलिंगी होतो.

सोप्यावर कोणी हसले नाही. क्षणभर शांतता झाली आणि मागून ती मुलगी हळूच म्हणाली, "तें चेडूं."

वाचकांपैकी ज्यांना गोव्याची बोली ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लहान मुलीला चेडूं म्हणतात आणि ती 'ती' नसते, 'तें' असते. तें आयलें, तें गेलें. मोठी होईपर्यंत घरात ती 'तें'च राहते, आणि त्यात सगळी माया असते. आठ वर्षांच्या त्या पोरीला आजी दिवसातून दहा वेळा 'तें' म्हणत होती. शाळेत ज्या बोलण्याला हसले होते, त्याच बोलण्याने तिने जर्मन व्याकरणाची अशी गाठ सोडवली की जिच्यापाशी माझे पदवीधर विद्यार्थी अडत आले आहेत.

मी तिला म्हटले, "बरोबर. आता हे आजीला जाऊन सांग." ती गेली. काय सांगितले ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवसापासून आजी सुपारी कातरण्याचा अडकित्ता घेऊन सोप्याच्या टोकाला बसू लागली.

मुलांना लागतात ती वाक्ये

ह्याच सुमारास मला माझी दुसरी चूक कळली. आई म्हणाली तीच वाक्ये मी शिकवत होते : सुप्रभात, आभारी आहे, कृपया. ही मोठ्या माणसांची वाक्ये. मुलाला नव्या गावात पहिल्या दिवशी खरोखर काय लागते? मी मुलांनाच विचारले, "नव्या शाळेत गेलात आणि भाषा येत नाही. पहिल्यांदा काय बोलावेसे वाटेल?"

उत्तरे अशी आली. लघवीला जाऊ का? मला समजले नाही. पुन्हा सांगा. इथे दुखते. हे माझे आहे. आणि शेवटी, सगळ्यांत लहान मुलाकडून : मला खेळायला घेता?

ही सहा वाक्ये मी पुढे शिकवली आणि ज्यांना घरी मुलांना शिकवायचे असेल त्यांनी हीच आधी शिकवावीत. 'इश फरश्टेऽ निश्ट', मला समजत नाही. 'नॉख आइनमाल, बिटऽ', आणखी एकदा सांगा. 'एस टूट वे', दुखते. 'डार्फ इश आउफ डी टॉयलेटऽ?' ह्याचा अर्थ सांगायला नको. 'डास इस्ट माइन्स', हे माझे. आणि 'डार्फ इश मिट-श्पीलन?' मीही खेळू? सकाळच्या नमस्काराची तशी घाई नाही. तो रोज सकाळी ऐकून आपोआप येतो. पण 'मला समजत नाही' हे वाक्य ज्या मुलाला येत नाही ते वर्गात मान डोलवत बसते आणि महिनाभराने मंद ठरते.

नमस्काराची वाक्येही पुढे आली, पण आपल्या अंगाने. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पेडण्याला 'येतां' म्हणतात. जर्मन माणूसही जातो म्हणत नाही. 'आउफ विडरझेन' म्हणजे पुन्हा भेटीपर्यंत. आभारासाठी मराठीत रोजच्या वापराचा सुटसुटीत शब्द नाही, 'आभारी आहे' म्हटले की सभेत बोलल्यासारखे वाटते. गोव्यात मात्र 'देव बरें करूं' हे शेजारणीला ताक देतानाही ऐकू येते. तेव्हा 'डांकऽ' कधी म्हणायचे ते मला शिकवावे लागले नाही. 'देव बरें करूं' म्हणाल तेव्हा म्हणा, एवढे सांगितले.

तू आणि तुम्ही ह्यांचा भेद जर्मनमध्येही आहे. मुलांना, मित्रांना 'डू', मोठ्यांना आणि अनोळख्यांना 'झी'. हे झी आपल्या तुम्हीसारखेच आदराने बहुवचनी चालते. हरमलच्या किनाऱ्यावर काम करणारा एक पोरगा आमच्या सोप्यावर येऊन बसे. त्याला पर्यटकांकडून ऐकून माझ्यापेक्षा झरझर बोलता येई, पण तो पिकल्या केसांच्या म्हाताऱ्यालाही 'डू' म्हणे. मी एवढेच विचारले, "आजोबांना तू म्हणशील?" त्याने जीभ चावली.

डिचोलीची बालवाडी

शेवटचे चार दिवस मी धाकट्या बहिणीकडे डिचोलीला गेले. डिचोली म्हणजे खाणींचा मुलूख. लोखंडाची माती नदीतून गलबतांत भरून समुद्राकडे जायची, तेथून परदेशांत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा घरोघरचे ट्रक दारात उभे राहिले आणि कितीतरी तरुण बोटींवर, आखातात, मिळेल तिकडे गेले. परक्या भाषेची चार वाक्ये येथे हौसेची बाब राहिलेली नाही. महाराष्ट्रातही २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग ह्या जर्मन राज्याशी कुशल माणसे पाठवण्याचा करार केला. तेव्हा उद्या आपल्या कोल्हापुरातल्या गल्लीतही हाच प्रश्न येणार.

बहिणीच्या वाड्यावर बालवाडीची मुले जमली. त्यांना मी एकच गोष्ट सांगितली. तुमच्या शाळेचे नावच जर्मन आहे. १८४० मध्ये फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकाने लहान मुलांच्या शाळेला 'किंडरगार्टन' म्हटले. किंडर म्हणजे बाळे आणि गार्टन म्हणजे वाडी, बाग. बालवाडी! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात हा वसा चालवला तेव्हा मूळ कल्पना आपल्या मातीत रुजली आणि नावही आपले झाले. अशीच गंमत इतर शब्दांची. रुग्णालयाला ते 'क्रांकन-हाउस' म्हणतात, रुग्णांचे घर. हातमोज्याला 'हांट-शू', हाताचा जोडा. समास सोडवणे आमच्या मुलांना शाळेत शिकवतातच. तीच किल्ली येथेही लागते.

२०१४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय विद्यालयांतून तिसरी भाषा म्हणून असलेली जर्मन काढून तेथे संस्कृत आणण्याचे ठरले तेव्हा दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. जणू एका म्यानात दोन तलवारी! मला तेव्हाही वाईट वाटले होते. फ्रान्झ कीलहॉर्न जर्मनीतून येऊन १८६६ पासून पंधरा वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) तर मराठी शिकून धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बसले, बिरोबा आणि खंडोबाच्या ओव्या ऐकल्या, आणि त्यांवर १९७६ मध्ये जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. ते आपली जर्मन विसरून आले नव्हते. ज्याच्या पायाखाली स्वतःची भाषा पक्की असते तोच दुसऱ्याच्या अंगणात निर्भयपणे जातो. मुलाचे पाय आधी जमिनीवरून काढून घ्यायचे आणि मग म्हणायचे, आता उडी मार, हा कोणता न्याय?

येतां

पेडण्याला परत आले त्या संध्याकाळची गोष्ट. अंगणात लगोरी चालली होती. शेजारची मुलगी नेहमीप्रमाणे खांबाला टेकून उभी होती. ती रोज उभी असे. तिला कोणी नको म्हणत नव्हते, पण ती मागत नव्हती, आणि इंग्रजीत मागितले तर अंगणात ते विचित्र वाटले असते. मी मुलांना म्हटले, "आज नियम असा की जो विचारील त्यालाच खेळायला घ्यायचे." मुलांनी कान टवकारले. ती पुढे आली. आधी आजीकडे पाहिले, मग म्हणाली, "म्हाका खेळूंक घेतात?" आणि लगेच, त्याच दमात, "डार्फ इश मिट-श्पीलन?"

तिला घेतले. दुसरे वाक्य पहिल्याच्या खांद्यावर बसून आले होते. पहिले नसते तर दुसरे पाठ झाले असते, पण ते म्हणायला ती पुढे आली नसती. मुलांना परकी भाषा शिकवण्याविषयी मला ह्यापेक्षा जास्त काही सांगता येणार नाही.

आईला मी उपदेश केला नाही. तिला मुलीच्या भल्याचीच काळजी होती. एवढेच म्हटले, "तिकडे जर्मन शाळेत शिकेल, इंग्रजी पुढे येईलच. घरात मात्र ही भाषा ठेव, नाहीतर तिला आजीशी फोनवर बोलायला दुभाषी लागेल." ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी विहिरीवरून तिची हाक ऐकू आली, ती बोलीतली होती.

ऑक्टोबरात ती दोघे गेली. मोप्याच्या विमानतळावरून निघताना मुलगी रडत 'बाय' म्हणू लागली तेव्हा आजीने दटावले आणि मग ती 'येतां' म्हणाली, असे मला नंतर कळले.

दिवाळीला आजीने फोन लावून घेतला तेव्हा मीही तेथे होते. पलीकडून नात तक्रार करत होती. थंडी फार आहे, भात निराळाच लागतो. शाळेच्या अंगणात पहिल्या आठवड्यातच खेळायला घेतले. आणि मग मोठ्याने, आजीला ऐकू जावे म्हणून : "आजी, हांगा चूक वेळार येना!"

आजीने माझ्याकडे पाहिले. चूक वेळेवर येत नाही म्हणजे काय, हे मी तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "आमची तरी खंय येता?"